नळाच्या आधी आलेलं पाणी

चहा हातात असंल तर आधी संपवा, मग सांगतो.

बायकोला आमच्या लातूरच्या घरात, तळघरात पार्लर काढायचं होतं. डोकी धुवायला सिंक पाहिजे म्हणाली, म्हणून खदीरभाई प्लंबरला बोलावलं. त्यांनी तळघर बघितलं, बाहेर जाऊन नाली बघितली अन् म्हणाले, "सर, नाली वर हाय, सिंक खाली. पाणी चढायचं कसं? खड्डा करून मोटर बसवावी लागंल."

मी सातवीला विज्ञान शिकवतो. म्हटलं, "खदीरभाई, पाणी आपली पातळी आपणच शोधतं. पाइप सरळ नालीला जोडा."

त्यांची पोरगी माझ्याच वर्गात. "हाव सर," म्हणाले अन् जोडून टाकला. नळ तेवढा बसवायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत दहा दिवसांनी पाणी सुटलं. घरोघरी धुणं निघालं, नाली तुडुंब भरली. तेवढ्यात बायको खालून ओरडली, "अहो, सिंकला पाणी यायलंय."

म्हटलं, नळच न्हाई तर पाणी कुठून येईल? जाऊन बघतो तर सिंक काठोकाठ, वर अख्ख्या गल्लीच्या साबणाचा फेस.

खदीरभाई नळ घेऊन आले. सिंककडे बघत शांतपणे म्हणाले, "सर, पुस्तक बरोबर हाय तुमचं. पाण्यानं पातळी शोधली."

बायको म्हणाली, "खदीरभाई, नळ ऱ्हाऊ द्या. लातुरात नळाशिवाय पाणी आलेलं हे एकच घर हाय."