नूरबीच्या घरी धाडलेल्या भाकरी

माझं माहेर दुधनीचं, घरात कन्नड बोलायचं आन बाजारात मराठी. लगीन होऊन सोलापुरात ह्या गल्लीत आले तवा डाव्या अंगाला तेलुगू विणकर, त्यांचे माग दिवसभर खडखडायचे, आन उजव्या अंगाला नूरबी आन तिचा मालक, त्यांना समदी गल्ली चाचा म्हनायची. मी ज्वारीची कडक भाकरी करून विकते. पातळ थापायची, भाजायची, वाळवायची, मग महिनाभर काय होत न्हाय तिला. संगं उखळात कुटलेली शेंगाची चटनी.

काय सांगू तुमाला, मयताच्या घरात चूल पेटवायची न्हाय, शेजाऱ्यानं घास आनायचा, ही आमच्या गल्लीची रीत, जात कुटली का असंना. माझे मालक गेले तवा नूरबीनं तीन दिस घास आनला. तिच्या घरात मटन शिजायचं, आमी लिंगायत, आमाला चालत न्हाय, म्हनून ती बाजारात जाऊन नवा तवा घेऊन आली. ऊन भाकरी दुधात कुसकरून भरवायची मला. मी तोंड फिरवलं की म्हनायची, भाभी, एक निवाला, मेरे वास्ते.

आता गल्ली पार बदलली की. माग भंगारात गेले, तितं विणकराची सून डोसे घालती. दिवेलागणीला लाइटच्या माळा लागत्यात, एका टोकाला कबाबचा धूर, दुसऱ्या टोकाला माझी भाकरी, पोरंपोरी मोबाइल धरून फिरत्यात, हे खा, ते खा. ऐतवारी तर पाय ठेवायला जागा न्हाय.

अशाच ऐतवारी नूरबी गेली. दुपारी माती झाली. मी म्हनले, आता ऊन भाकरी थापते, पर गर्दी सुरू झाली, हात रिकामा होईना. दुकानातल्याच कडक भाकरी फडक्यात बांधल्या, विणकराच्या सुनंच्या हाती धाडल्या. दुसऱ्या दिशी बी तसंच, तिसऱ्या बी तसंच. आता चाचांच्या तोंडात एक बी दात न्हाय. मला ठावं न्हवतं व्हय? रोज बगते की मी त्यांना. तरी धाडल्या.

चौथ्या दिशी त्यांची लेक आली होटगीहून, बापाला न्यायला. चाचा फडकं घेऊन माझ्या दुकानाशी आले. समद्या भाकरी जशाच्या तशा, एक तुकडा मोडला न्हवता. तीन दिस चहावर काढले मानसानं. म्हनले, भाभी, खराब नहीं हुए, बेच लेव. रागानं न्हाय हो, मायेनंच म्हनले. मी फडकं घेतलं.

आन खरं सांगते, मी त्या विकल्या. चळतीवर ठेवल्या, गिऱ्हाईक आलं, हातानं उचलून दिल्या. एका पोरीनं मोबाइलफुडं कुडुक मोडून दावली, म्हनली, लई भारी.

त्यांच्या घराला कुलूप हाय. मी रोज भाकरी थापते, काय करनार, पोट हाय. देवानं लेकीच्या घरी चाचांना ऊन घास द्यावा. नूरबीफुडं उभं राहायचं तोंड मला न्हाय.