बाटलीतली गंगा

केतकी: आणि वाळूत तंबूच्या खुंट्या राहतच नाहीत, आबा. ठोकली की उभी, हात काढला की आडवी. श्रीकांत सर डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, सर, पिशव्यांत वाळू भरू, दोरी पिशवीला बांधू आणि पिशवीच पुरून टाकू. सगळ्या नववीसमोर म्हटलं.

आबा: ऐकलं. काल जेवताना ऐकलं, आज चहाला ऐकलं. माझी काठी दे.

केतकी: ट्रिपला नदीतल्या त्या बेटावर बारा तंबू होते, दोन दिवसांत एकही पडला नाही. आठवीपर्यंत हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटत नव्हता, आठवतंय ना?

आबा: फुटला एकदाचा, आता मिटायचं नाव घेईना. काठी दे, आणि गडू पिशवीत घाल. दत्तोबा एक वाजता दुकान बंद करतो आणि जेवून जो झोपतो तो पाचपर्यंत. इथून तारनाक्याहून गौलीगुड्याला जायला रिक्षाला पाऊण तास लागायलाय आजकाल.

केतकी: आजच कशाला पण? तुमचा गुडघा दुखतोय.

आबा: गुडघा रोज दुखतो. काम कितीचं? गडूत पाणी भरायचं, वर तांब्याचं झाकण, भोवतीनं डाग देऊन तोंड पक्कं करायचं. दहा मिनिटं. मग मी परत येऊन देव्हाऱ्यात ठेवतो आणि गप पडतो.

केतकी: दत्तोबा आता फक्त भांड्यांना कल्हई करतात म्हणे. डाग देत नाहीत.

आबा: कोण म्हणे?

केतकी: असंच, कोणीतरी.

आबा: मी सकाळी फोन केलाय त्याला. भट्टी पेटवून ठेवतो म्हणाला. आज तुला झालंय काय, रिक्षात बसायचा कंटाळा आला का? नको येऊ. मी जातो एकटा.

केतकी: तसं नाही.

आबा: मग बाटली आण ती. आण इकडं, बघू. हं. हे बघ, तळाला वाळू कशी बसलीय, बारीक, साखरेसारखी. पात्राच्या मधोमध भरलीस ना?

केतकी: नावाड्याला थांबवलं मी. पहाटे, कोणी पाण्यात उतरायच्या आधी. ओढणी दुमडून गाळून घेतलं. तुम्ही सांगितलं होतं तस्संच.

आबा: शाब्बास. तुझा बाप मला आठ वर्षं नेतोच आहे गंगेवर. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी. तू पंधरा वर्षांची पोर, आणि करून दाखवलंस.

केतकी: सरांना मी म्हटलं, आमच्या नांदेडकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. तर सर हसले. मग अपर्णा सगळ्यांना सांगत सुटली, केतकीच्या बाटलीला हात लावू नका, विटाळ होईल. दोन दिवस मला पंडितीणबाई म्हणत होती.

आबा: म्हणू दे. पंडितीणबाई म्हणल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. तुझ्या आजीच्या शेवटच्या वेळी गडूचा डाग फोडला, तेव्हापासून तो रिकामा आहे. पावणेदोन वर्षं. तोवर कधी काही वाटलं नाही मला. पण हल्ली पूजेला बसलो की नजर तिथंच जाते. म्हणलं, आपली वेळ आली तर ही पोरं धावपळीत तोंडात काय घालतील? नळाचं पाणी? हसू नको.

केतकी: मी हसत नाहीये, आबा.

आबा: आता काळजी मिटली. चल, चप्पल घाल.

(केतकी त्यांच्या हातातली बाटली काढून घेते आणि पाठीमागे धरते.)

केतकी: हे गंगेचं नाहीये.

आबा: काय?

केतकी: भरलं होतं ते गंगेचंच होतं, देवाशपथ. पण आता आहे ते तिचं नाही. सूर्यापेटच्या पुढे एक ढाबा आहे, तिथल्या नळाचं आहे. बोअरचं.

आबा: आणि ही वाळू?

केतकी: वाळू खरी आहे. बेटावरचीच. माझ्या बुटातून काढून टाकली मी. पाणी फार स्वच्छ दिसत होतं म्हणून.

आबा: बुटातून.

केतकी: मोज्यातून. बूट बाहेरून घाण होते, म्हणून मोज्यातली घेतली.

आबा: बस खाली. नाही, मलाच बसू दे आधी. आता सांग, सुरुवातीपासून. तंबू सोडून सांग.

केतकी: निघताना युवराज आणि त्याच्या टोळीनं पाय धुतले. बसमध्ये प्यायच्या पाण्याचा कॅन होता, तोच सगळा पायांवर ओतला, वाळू चिकटली होती म्हणून. सरांना कळलं तेव्हा नदी तासभर मागे गेली होती. दोन्हीकडे जंगल, दुकान नाही, काही नाही. तेवढ्यात ह्या येड्या हौल्या युवराजनं खिडकीतून बूट झटकला. आमची बस केवढ्या स्पीडमध्ये! सगळी वाळू मागच्या खिडकीतून आत. अपर्णाच्या डोळ्यांत.

आबा: तीच अपर्णा?

केतकी: तीच. ती चोळत होती आणि किंचाळत होती. सर म्हणाले, चोळू नकोस, कोणाकडे पाणी आहे का? सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या. आणि माझी मांडीवर, गळ्यापर्यंत भरलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी मागितलं नाही, आबा. नुसते बघत होते.

आबा: आणि तू?

केतकी: मी खिडकीबाहेर बघत बसले.

आबा: किती वेळ?

केतकी: किलोमीटरचे दोन दगड गेले. मनात म्हटलं, आबांनी पहिल्यांदा काही मागितलंय माझ्याकडे. मग म्हटलं, हिनंच सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून, मग आता नाही लावायचा. हे दुसरं जास्त जोरात म्हटलं, खरं सांगते. मग ती 'अम्मा, अम्मा' करायला लागली. बेटावर सगळ्यांना हुकूम सोडणारी मुलगी, तिला काही दिसत नव्हतं आणि ती सीट चाचपडत होती. मग मी टोपण उघडलं. पाच-सहा वेळा धुतले डोळे. एका वेळी जात नाही वाळू. सगळं संपलं.

आबा: मग काल आल्या आल्या सांगायला काय झालं होतं? घ्या आबा, गंगा आणली, म्हणून पायांवर डोकं ठेवलंस माझ्या.

केतकी: तुम्ही फाटकात उभे होतात, गडू घासून घेऊन. आईनं सांगितलं, चिंचेनं घासत होते दुपारपासून. मला वाटलं, पाणी काय, पाणीच. तुम्हाला कधी कळणारच नाही.

आबा: कळणारच नव्हतं. ज्या दिवशी लागलं असतं, त्या दिवशी तर मुळीच कळलं नसतं.

केतकी: म्हणूनच सांगितलं ना. आत्ता तुम्ही शाब्बास म्हणालात, तेही नळाच्या पाण्याला. डाग बसला की मग मलाही सांगता आलं नसतं. मी रोज देव्हाऱ्यासमोर बसून काय केलं असतं?

आबा: रागानं बोलत नाही मी, रडू नको. मला बी जरा वेळ लागतो. दोन दगड जाऊ दे माझे.

केतकी: बाबांना सांगू? ह्या रविवारी गाडी काढू आपण. मी पाठीच लागते त्यांच्या.

आबा: तुझ्या बापाचा रविवार मी ओळखतो. दत्तोबाला फोन लाव, म्हणावं भट्टी विझव. पाणी आलं नाही.

केतकी: कारण काय सांगू?

आबा: खरं सांग. आज तेवढं जमायलंय तुला. आणि ती बाटली कुंडीत ओत.

केतकी: वाळूसकट?

आबा: वाळू राहू दे. ती कागदात बांधून माझ्या कपाटात ठेव, वरच्या खणात. मोज्यातली आहे हे तुझ्या आईला सांगू नको.

केतकी: रागावलात ना?

आबा: खोटं आणलंस त्याचा राग आहे. तो संध्याकाळपर्यंत राहील. पाणी दिलंस त्याचा नाही. डोळा कसा आहे पोरीचा?

केतकी: सकाळी मेसेज आला. लाल आहे अजून, पण दिसतंय. डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं ते बरं केलं. लगेच नव्हतं धुतलं, हे तिनं त्यांना सांगितलंच नाही. तिला माहीत होतं, आबा. तरी नाही सांगितलं.

आबा: म्हणजे झाकलं तिनं तुझं.

केतकी: हो. आणि मी तिच्यावर दात धरून होते.

आबा: पुढची ट्रिप कधी आहे तुमची?

केतकी: दहावीला नेत नाहीत. अकरावीला असते. म्हणजे दोन वर्षांनी, जानेवारीत.

आबा: बरं. थांबतो.