अक्षरांत आलेली शुभेच्छा

दि. ४ जानेवारी

माझं नाव विठाबाई भ्रतार माणिकप्पा कोरे, वय आधार कार्डावर ७४, धंदा शेती व घरकाम, रा. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव.

ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मला लिहितावाचता येत नाही. मयत मुलाची मुलगी शिवांजली, वय २६, हिला मीच सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी तिचं मुरूम गावच्या रणधीरशी लग्न करून दिलं. ती पुण्यात स्पॅनिश भाषा शिकली असून, सणांच्या व वाढदिवसाच्या शुभेच्छा स्पॅनिशमध्ये करून देण्याचं काम घरी बसून करते.

कामात अडली की मला फोन करते. 'औक्षवंत हो'ला त्यांच्यात शब्द न्हाय म्हणाली. मी म्हटलं, "ओवाळत नसतील, तेल वाचवतात." शेवटी तिनं 'अजून पुष्कळ वर्षं पुरी कर' असं घातलं.

आधारवाल्यानं माझी जन्मतारीख एक जानेवारी टाकली आहे. त्यामुळं दर वर्षी त्या दिवशी ती नव्या वर्षाचं आणि वाढदिवसाचं, दोन्ही स्पॅनिशमध्ये बोलून पाठवते. "शिव्या देतीस काय गं?" असं मी विचारते.

दि. २७ डिसेंबर रोजी सायंकाळी तिचा फोन आला. "आज्जी, तिकडं येऊ का?" म्हणाली. मी म्हटलं, "ये, पण भाकरी तूच थापायच्या." ती हसली नाही. त्यानंतर फोन लागला नाही. २९ तारखेला रणधीरला विचारलं. ती पुण्याला मैत्रिणीकडं गेली, पत्ता माहीत नाही, असं तो म्हणाला.

१ जानेवारीला तिच्या नंबरवरून मेसेज आला. स्टँडवरचा दुकानदार बलभीम यानं मोबाईलवर अर्थ काढला. स्पॅनिशमध्ये नव्या वर्षाच्या शुभेच्छा होत्या. वाढदिवसाचं काही नव्हतं. तोच मेसेज सगळ्या पाहुण्यांना आला आहे. तो दाखवून रणधीर सांगतो, ती खुशाल आहे, तक्रार कशाला.

संशय का, असं विचारल्यावरून सांगते की, मेसेज लिहून आला. शिवांजलीनं मला आजवर एक अक्षर लिहून पाठवलेलं नाही. आवाज भरून पाठवते. आज्जीला वाचता येत नाही हे तिला ठाऊक आहे. नातजावयाच्या ध्यानात राहिलं नसावं.

तरी तिचा शोध व्हावा.

हा जबाब जमादारांनी मला दोनदा वाचून दाखवला. त्यात २७ तारखेच्या फोनला त्यांनी 'शेवटचा' असं लिहिलं होतं. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. बाकी बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा