वरची बाजू

शेवटी गाडी रस्त्यावर आली. पण ते सोडा, ते व्हायला अजून वेळ आहे. आत्ता फोटोच्या दुकानात एक मास्तर पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर ताठ बसलेत, आणि दुकानदार त्यांना "हलू नका, हसू नका" असं बजावून काउंटरवरच्या नवराबायकोकडे गेलाय.

"ताई, फ्रेमला हुक लावायचाय. फोटोची वरची बाजू कुठली?"

"ही. म्हणजे... थांबा हं."

"अगं, नदी आहे ना? विमानातून दिसते तशी."

"नदी नाही, दारातल्या झाडाची साल आहे."

"मग झाड कुठाय?"

"झाड दिसू नये म्हणूनच एवढी जवळ गेले होते. नुसत्या भेगा हव्या होत्या, आणि ऊन."

"ताई, हुक."

"काढला तेव्हा पक्कं माहीत होतं हो. आता चारही बाजू खऱ्या वाटतायत."

"त्यात काय! घरी जाऊन झाडाशी ताडून बघा."

"झाड तोडलं. ह्यांच्या गाडीला जागा हवी होती."

"आपल्या गाडीला."

"तुमच्या."

मास्तर हलले. कुणी ओरडलं नाही.

"मग ताई, हुकाचं काय करू?"

"लावूच नका. मागे तेवढं लिहा: सदर झाडाने मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहून आपली वरची बाजू प्रमाणित करावी, ही नम्र विनंती. तोपर्यंत झाडाची जागा रिकामी ठेवण्यात येईल."