उभ्या रेघांचा बुलडॉग

(जळगाव. पोलीस ठाणे. १९४३ सालच्या माघातली सकाळ.)

फौजदार : तिसऱ्यांदा विचारतोय, फिरके. बुलडॉग म्हणजे कोण?

जीवराम : कोण नाही, साहेब. पाइप आहे. तंबाखू ओढायचा. वाटी बुटकी, रुंद, अंगाला कंगोरा कोरलेला. म्हणून साहेबलोक त्याला बुलडॉग म्हणतात.

फौजदार : आणि डब्लिन?

जीवराम : तोही पाइपच. वर रुंद, खाली निमुळता.

फौजदार : प्रिन्स?

जीवराम : पाइप.

फौजदार : तुम्ही जिनिंगमध्ये कापूस पारखणारे. फैजपूरचे, केळीच्या मुलखातले. आणि पाइपांवर धुळ्याच्या एका ड्रॉइंग मास्तरांना सात वर्षं पत्रं लिहिता. चिंधा, यांच्या खोलीत काय सापडलं?

चिंधा : बठ्ठी खोली पाही, साहेब. कापूसना नमुना शेतस, नि ह्या चिठ्ठ्या. पाइप एक बी नही.

फौजदार : ऐकलंत? गठ्ठाभर पत्रं पाइपांची, आणि पाइप एकही नाही.

जीवराम : पाइप घरी आहेत, फैजपूरला. कपाटात. चौदा. इथे खोलीत कापसाची धूळ बसते त्यांच्यावर.

फौजदार : ओढता केव्हा? सुट्टीला गेलात की?

जीवराम : मी ओढत नाही, साहेब.

फौजदार : ओढत नाही!

जीवराम : जिनच्या आवारात विडीसुद्धा बंद. आमचे मोठे साहेब विलायतेला परत गेले, तेव्हा जाताना एक देऊन गेले. ब्रायरचा. ब्रायर म्हणजे एक झुडूप, साहेब. त्याच्या मुळाशी गाठ धरते. ती वर्षानुवर्षं वाळवायची, मग एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने घडवतो. मी दिवसभर कापसाचा धागा बोटांत धरून बघणारा माणूस. त्या लाकडातल्या रेघा पाहिल्या आणि वेड लागलं. मग कुठे साहेबांच्या बंगल्याचा लिलाव असला की मी जायचो. तिथेच मास्तर भेटले.

फौजदार : पुना महादू बोरसे, राहणार देवपूर, धुळे.

जीवराम : हो.

फौजदार : चार दिवस झाले, आत आहेत. ठाऊक आहे?

जीवराम : मास्तर? कशापायी?

फौजदार : धुळ्यात एक वकील तारा तोडताना सापडला. त्याच्या कोटात ही चिठ्ठी होती. अक्षर ओळखता?

जीवराम : मास्तरांचंच.

फौजदार : वाचा. मोठ्याने वाचा, चिंधालाही कळू दे.

जीवराम : ‘उभ्या रेघांचा बुलडॉग हाती आला आहे. ब्लास्ट मंगळवारी. खोल व्हायला हवा. जीवरामभाऊंना कळवू नये.’

फौजदार : त्याच मंगळवारी रेल्वेच्या एका मोरीखाली सुरुंग उडाला. माणूस मेला नाही, हे नशीब. आता सांगा, ब्लास्ट म्हणजे काय?

जीवराम : ब्लास्ट...

फौजदार : घाम पुसा आधी.

जीवराम : ब्लास्ट म्हणजे वाळूचा मारा, साहेब. पाइपवर बारीक वाळू जोरात मारतात. मऊ लाकूड झडतं, टणक रेघा वर राहतात. हाताला खरखरीत लागतं.

फौजदार : धुळ्यात असलं यंत्र आहे?

जीवराम : यंत्र विलायतेत. मास्तर इथे कानशीने आणि तारेच्या ब्रशाने करतात. नाव मात्र तेच.

फौजदार : आणि तुम्हाला का कळवायचं नाही?

जीवराम : शौकीन माणूस दुसऱ्या शौकिनापासून माल लपवतो, साहेब. मला कळलं असतं तर मी हटून बसलो असतो, मलाच द्या म्हणून. मास्तरांना तो वकिलांना द्यायचा असेल.

फौजदार : मग वकिलाकडे का नाही मिळाला?

जीवराम : मी नेला म्हणून. गुरुवारी कंपनीच्या कामाने धुळ्याला गेलो होतो. कंपनीत विचारा. मास्तरांच्या टेबलावर दिसला, उचललाच.

फौजदार : फार सोईचं उत्तर आहे, फिरके. आणि सोईचं उत्तर मला पचत नाही. चिंधा, यांच्याबरोबर फैजपूरला जा. उद्या बाराला तो पाइप या टेबलावर पाहिजे. बुलडॉग, उभ्या रेघा, वर वाळूचा मारा. नसला, तर मास्तर नाशिकच्या तुरुंगात आणि त्यांच्या पाठोपाठ तुम्ही.

*

बेबाबाई : अहो, दारात पोलीस काऊन बसला?

जीवराम : हळू बोल. त्याला केळी दे, चहा दे. ओट्यावरच बसव. आत येऊ लागला तर बाईमाणूस न्हातंय म्हण.

बेबाबाई : पण केलं काय तुम्ही?

जीवराम : अजून काही नाही. कपाटाची किल्ली दे. आणि कोयत्याला धार लावायची कानस आण.

बेबाबाई : हा? या पाइपाला तर फडक्याशिवाय मला हात लावू देत नाही तुम्ही. लग्नातल्या पाटल्या मी अशा जपल्या नाहीत.

जीवराम : चौदांत बुलडॉग हा एकच आहे.

बेबाबाई : अहो! कानस नका लावू त्याला! मायबाई, काय करता हे?

जीवराम : ऐक. बोरसे मास्तरांना धरलंय. त्यांची एक चिठ्ठी सापडली. फौजदार म्हणतो, ती सुरुंगाची आहे. मी सांगून आलो, पाइपाची आहे, आणि तो पाइप माझ्या घरी आहे.

बेबाबाई : मग असेल पाइपाची. मास्तर भला माणूस आहे.

जीवराम : नाही ना. उभ्या रेघांचं लाकूड शेकड्यात एखादं निघतं. त्याला आरशासारखं गुळगुळीत ठेवतात. त्याच्यावर वाळू कोणी मारत नाही. हलक्या, डागी लाकडावर मारतात, डाग झाकायला. मास्तरांना खरखरीत पाइप आवडतो, पण हे मला त्यांनीच समोर बसवून शिकवलं. तोच माणूस ‘उभ्या रेघा’ आणि ‘ब्लास्ट’ एका ओळीत लिहील? वाचताक्षणी कळलं मला.

बेबाबाई : म्हणजे खरंच सुरुंग?

जीवराम : असणार.

बेबाबाई : तुम्हाला तर ते रूळ उखडणं पटत नाही. मागे माझ्या भावाशी भांडलात त्यावरून.

जीवराम : आजही पटत नाही.

बेबाबाई : मग?

जीवराम : चिठ्ठीत लिहिलंय, जीवरामभाऊंना कळवू नये. सात वर्षांची दोस्ती, पण मला त्यांनी त्यात ओढलं नाही. बाजूला ठेवलं. आता मी काय करू? ‘साहेब, ही चिठ्ठी पाइपाची नाही’ म्हणू?

चिंधा : भाऊ! आत कसाना आवाज शे?

बेबाबाई : मी दळतेय, हवालदार!

चिंधा : ह्या येळले दळन, वहिनी?

बेबाबाई : तुम्हालाच भाकरी घालायची ना? पीठ नको का?

जीवराम : जातं फिरव. नुसतंच फिरव.

बेबाबाई : रिकाम्या जात्याचा आवाज बाहेरच्याला कळतो. ज्वारी-उडदाचा कळणा घालते. तुम्ही करा तुमचं.

जीवराम : एका बाजूने झालं.

बेबाबाई : थांबा. डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या, हात घसरेल. द्या इकडे, मी घट्ट धरते. एका हाताने जातं फिरवते.

जीवराम : पंधरा वर्षं झाली याला. लिलावात कोणीच बघत नव्हतं. काळाकुट्ट झालेला. पुसला, आणि खालून रेघा अशा वर आल्या...

बेबाबाई : आता नका बघू त्याच्याकडे. करा.

जीवराम : नवीन दिसतंय लाकूड. रंग उघडा पडलाय.

बेबाबाई : चुलीचं काजळ आणि सरकीचं तेल. मी चोळून देते. जुनं दिसेल.

चिंधा : वहिनी, केळं गोड शेतस व्हय तुमनं! पन सांजनी गाडी चुकी जाई. भाऊले सांगा.

बेबाबाई : आलेच ते! कपडे बदलतात!

*

चिंधा : थांबा, भाऊ. साहेबपुढे जावाना पहिले बाही झटकी ल्या.

जीवराम : काय आहे बाहीला?

चिंधा : भुसा शे. लाल.

जीवराम : पीठ असेल. काल दळण—

चिंधा : कळणानं पीठ लाल नही ऱ्हास.

जीवराम : हवालदार...

चिंधा : चाला. बारा वाजनात.

*

फौजदार : चिंधा, नजरेआड झाले का हे?

चिंधा : मी ओट्यावर बठेल व्हतू, साहेब. घरमा जातं फिरी ऱ्हायनं व्हतं. दुसरं काही ऐकू नही ऊनं.

फौजदार : बरं. दाखवा, फिरके. हं. खरखरीत आहे खरा. हा काळा डाग?

जीवराम : मारा झाल्यावर वरून रंग चोळतात, साहेब.

फौजदार : आणि वास तेलाचा येतोय.

जीवराम : लाकूड तडकू नये म्हणून तेल लावतात.

फौजदार : आमचे मोठे साहेब पाइप ओढतात. विलायतेचे आहेत. त्यांना दाखवू?

जीवराम : दाखवा.

फौजदार : काय म्हणतील ते?

जीवराम : म्हणतील, कुणा वेड्याने चांगल्या लाकडाची नासाडी केली.

फौजदार : म्हणजे तुमचे मास्तर वेडे?

जीवराम : शौक असाच असतो, साहेब. एकाला गुळगुळीत आवडतं, एकाला खरखरीत. त्यावरून मास्तरांचं आणि माझं वर्षभर पत्रांतून भांडण आहे. पत्रं तुमच्याकडेच आहेत.

फौजदार : वाचली मी. रात्रभर वाचली. पाइपांशिवाय एक अक्षर नाही त्यांत. बायकोची खुशालीसुद्धा विचारत नाही तुम्ही एकमेकांना. मला तुमचा भरवसा वाटत नाही, फिरके. पण ही चिठ्ठी आता कोर्टात टिकणार नाही. बचावाचा वकील म्हणेल, साहेब, हा बघा बुलडॉग. मास्तरांना सोडावं लागेल. नजर मात्र राहील, दोघांवरही.

जीवराम : राहू द्या, साहेब. मी निघू?

फौजदार : पाइप इथेच राहील. कागदाला जोडून.

जीवराम : ठीक आहे.

फौजदार : थांबा, एक सांगा. मला यातलं काही कळत नाही. पण या खालच्या रेघा बघतोय, एकीला एक लागून, कुठे वाकडी नाही. हा गुळगुळीतच ठेवला असता, तर जास्त चांगला दिसला नसता?

जीवराम : दिसला असता, साहेब.