मोठ्या सरांच्या बोटावरचा फोड

आत्या: हसणं थांबव आणि नीट सांग. हृदयविभागाच्या मुलाखतीत तू मोठ्या सरांना काय विचारलंस?

भाची: "सर, घरी माशांची टाकी आहे का?"

आत्या: अगं, ते तुला प्रवेश देणार होते की मासे विकणार होते?

भाची: त्यांच्या बोटावर फोड होता गं! आणि तिथून मनगटापर्यंत एकापुढे एक गाठी. ते हृदयाच्या झडपांबद्दल विचारतायत, माझी नजर आपली बोटावर. शेवटी राहवेना.

आत्या: मग? टाकी निघाली?

भाची: ही एवढी! स्वतः हात घालून घासतात. त्या पाण्यातलाच जंतू बोटातून शिरून वर चढत असणार. आणि फोडावर कितीतरी दिवस अँटिबायोटिक्स चालू, आज ही, उद्या ती, सगळं आपल्या मनाने.

आत्या: डॉक्टरच ते! चॉकलेटं वाटावीत तशी आपण औषधं वाटतो आणि मग जंतू दाद देईनात म्हणून रडतो. तुमच्या वेळेला एखादं तरी औषध चालतं राहू दे, म्हणून मी घसा फोडते, तर लोक मला खडूस म्हणतात.

भाची: मी तेच म्हटलं त्यांना. "आधी फोडाचा तुकडा तपासायला द्या, मग गोळी."

आत्या: मुलाखतीत? गेली जागा!

भाची: आधी भडकलेच. मग हसले. जागा दिली.

आत्या: दिली? अरे वा. छान झालं. फार छान झालं हो.

भाची: मी नको म्हटलं. तुझ्या संसर्गरोग विभागात येते.

आत्या: ठमे, डोकं ठिकाणावर आहे का? यंदाही शिकायला कोणी आलं नाही तर कुलूप लावणार आहेत आमच्या विभागाला. ना मोठी यंत्रं, ना ऑपरेशनचा थाट. साथ आली की सगळे पाया पडतात, गेली की ओळखही दाखवत नाहीत.

भाची: आणि पुढची साथ आली की ती कोण ओळखणार? ते कुलूप?

आत्या: जीभ बरीच चालायला लागली तुझी.

भाची: आत्या, खरं सांग. "हृदयच घे" म्हणून घरात सगळ्यात मोठ्याने तूच ओरडत होतीस. "माझ्याकडे ये" असं एकदाही का म्हणाली नाहीस?

आत्या: तू नाही म्हणाली असतीस तर मला सोसलं नसतं गं.