चिंगीचा क्लास

हसू नका गं, माझं डोकं अजून तापलेलंच आहे!

आमच्या कामणच्या गोदामात येणाऱ्या मालाचे फोटो आमच्या क्लाउडवर असतात, आणि ज्यांचा माल, त्या पार्टीला ते त्यांच्या क्लाउडवर हवे असतात. वर्षभर रोज दोन तास मी एकीकडून डाउनलोड करून दुसरीकडे अपलोड करत बसायचे. शेवटी वैतागून मोबाइलवर एक ॲप शोधलं. कोडिंग नाही, काही नाही. इथला फोल्डर निवडला, तिथला निवडला, फाइली आपोआप जायला लागल्या. ॲपने या कामाला नाव विचारलं, मी दिलं 'चिंगीचा क्लास'. कारण आता लेकीला क्लासला सोडायला मी जूचंद्रला घरी वेळेत पोहोचणार होते.

परवा आमच्या मॅनेजरने हेड ऑफिसची माणसं बोलावली. कशाला, तर माझंच काम स्वतःचं म्हणून, 'मी बनवलेली सिस्टीम' दाखवायला! तीही माझ्याच लॉगिनवर! वर मलाच म्हणतो, "मॅडम, नीट लक्ष द्या. तुम्हाला समजायला जरा वेळ लागेल."

पडद्यावर नाव आलं. एकाने विचारलं, "सर, ही चिंगी कोण?"

"ते टेक्निकल नाव आहे."

माझी पोर टेक्निकल? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. टेबलाखाली मोबाइल धरला आणि ॲपमधला 'चिंगीचा क्लास' बंद करून टाकला.

त्याने फाइल टाकली, गेली नाही. परत टाकली, तरी नाही. घाम पुसत माझ्याकडे वळला, "मॅडम, जरा बघता का?"

म्हटलं, "मी कशी बघू, सर? मला समजायला वेळ लागेल ना!"